ऐनवेळचे विषय आम्हाला वाचायला कधी मिळणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आमच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची बातमी आली होती. 'सभेत खडाजंगी, विरोधकांचा सभात्याग' असा चार कॉलमी मथळा आणि शेजारी टेबलावर हात आपटणाऱ्या सदस्यांचा फोटो. कोण कोणाला काय म्हणाले, कोणी कोणाची लायकी काढली, सगळे सविस्तर. सभेत ठरले काय, ते मात्र कुठेच नाही. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर बाजार वसुलीचा ठेका होता, घंटागाडीच्या कंत्राटाची मुदतवाढ होती, नगरपरिषदेच्या गाळ्यांचे भाडे होते. यातल्या एकाही विषयाचा बातमीत उल्लेख नाही. विरोधक बाहेर पडल्यावर उरलेले विषय किती वेळात उरकले, हेही नाही. वार्ताहरही बहुधा त्यांच्याबरोबरच बाहेर पडले असावेत.

विषयपत्रिकेवर काय होते हे मला कसे माहीत, असा प्रश्न पडेल. माझे नगरपरिषदेच्या समोरच झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. कार्यालयात स्वतःचे मशीन आहे, पण सभेच्या तोंडावर नेमका त्याचा टोनर संपतो नाहीतर कागद अडकतो, आणि शिपाईकाका मूळ प्रत घेऊन रस्ता ओलांडतात. "ताई, समद्या मेंबरांच्या काढा, दोन जास्तीच्या, आन् टाचून द्या. सायेब थांबल्यात." त्यामुळे बऱ्याचदा आमच्या गावची विषयपत्रिका नगरसेवकांच्या आधी मीच वाचलेली असते. गिऱ्हाइकांचे कागद वाचू नयेत हे मला कळते. लोकांची खरेदीखते, कोर्टाची कागदपत्रे मी वाचत नाही. पण विषयपत्रिका हा काही कोणाचा खासगी कागद नव्हे. तो कायद्यानेच लोकांसमोर लावायचा आहे.

कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांना कलमे लागतात, म्हणून त्याची एक प्रत मी काउंटरखाली ठेवते. कलम ८१ मध्ये सभांचे नियम आहेत. दर दोन महिन्यांत एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांना द्यायची, कार्यालयातही लावायची. सभा लोकांना खुली असते. एखाद्या विषयावर बंद दाराआड बोलायचे असेल, तर तसे ठरवावे लागते. एरवी तुम्ही-आम्ही कोणीही जाऊन मागच्या खुर्चीवर बसू शकतो.

मी जाऊन बसले आहे. दारातच विचारणा झाली, "तुमचं काय काम होतं?" काम काही नाही, सभा ऐकायची आहे, म्हटल्यावर ज्या नजरेने पाहिले गेले ती मी विसरलेले नाही. आत मागच्या रांगेत माणसे होतीच. पण ती सगळी ठेकेदार मंडळी. त्यांना कोणी काम विचारत नाही आणि त्यांना फलकावरची सूचनाही लागत नाही.

आता ती विषयपत्रिका कशी असते ते सांगते, कारण आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. विषय क्रमांक १ कायम ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त, म्हणजे त्या सभेत काय ठरले त्याची लेखी नोंद, वाचून कायम करणे. मग जमाखर्च. मग खरेदी: पाणीपुरवठ्याची तुरटी, ब्लीचिंग पावडर, रस्त्यावरच्या दिव्यांचे साहित्य, फवारणीचे औषध. मग ठेके, मुदतवाढी आणि वित्त आयोगाच्या निधीतून घ्यायची कामे. एखाद्या चौकाला नाव देण्याचा विषय असला की भांडण तिथे होते आणि फोटोही तिथलाच येतो. मग रस्ते आणि गटारे, 'अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर' या सरकारी पत्त्यावर. इथे जरा थांबून वाचले तर मौज दिसते. एकाच बोळातले एकच गटार कधी तीन विषयांत विभागलेले असते. पहिल्या विषयात ते एका घरापासून मधल्या घरापर्यंत, दुसऱ्यात मधल्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत, तिसऱ्यात गिरणीपासून ओढ्यापर्यंत. प्रत्येक तुकड्याचे अंदाजपत्रक ई-निविदेच्या मर्यादेच्या, म्हणजे ज्या रकमेवर ऑनलाइन खुली निविदा काढावीच लागते तिच्या, जरासे खाली. सांडपाणी मात्र तुकडे न पाडता सलग वाहते. ही गोष्ट शोधून काढायला पत्रकारितेची पदवी लागत नाही, तिन्ही विषय एकाखाली एक वाचले की झाले.

आणि सगळ्यात शेवटी, हेही कायम ठरलेले: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.' मला लिहायचे आहे ते या शेवटच्या ओळीविषयी.

ऐनवेळचा विषय विषयपत्रिकेवर नसतोच. म्हणजे सात दिवसांची सूचना त्याला नाही, फलकावर तो लागत नाही, सदस्यांना त्याची टिपणी मिळत नाही. सभा संपता संपता तो येतो. तोवर निम्मे सदस्य उठलेले असतात, चहाचे ट्रे आत आलेले असतात. कोणी एक सूचक, कोणी एक अनुमोदक, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर', आणि शेवटी 'पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार मुख्याधिकारी यांना प्रदान करण्यात येत आहेत'. कधी कधी तर विषय सभेत निघालाच नव्हता, अशी सदस्यांचीच तक्रार असते. ठराव मागाहून इतिवृत्तात दिसतो. ते इतिवृत्त पुढच्या सभेत विषय क्रमांक १ खाली 'वाचले असे समजून' कायम होते. पहिल्या आणि शेवटच्या विषयाची अशी आतून गाठ आहे. मधल्या विषयांवर छप्पर उडेल इतका आरडाओरडा होवो, ही दोन टोके शांतपणे पार पडतात. आपल्या बातमीतही ती नसतात, कारण तिथे भांडण नसते.

तातडीची कामे असतात, हे मला मान्य आहे. ऐन उन्हाळ्यात जॅकवेलवरची मोटर जळाली तर सात दिवस कोण थांबेल? पण तातडीसाठी कायद्याने वेगळा दरवाजा ठेवलेलाच आहे. कलम ५८(२) खाली नगराध्यक्ष आणीबाणीत एखादे काम लगेच करायला सांगू शकतात आणि मग तसे सभेला कळवायचे असते. मोटर तिथून दुरुस्त होते. मग ऐनवेळच्या विषयांत काय येते? मुदतवाढ येते. दरवाढ येते. कोणाच्या तरी गाळ्याचे हस्तांतरण येते. यातली एकही गोष्ट त्या दिवशी सकाळी उपटलेली नसते. ठेक्याची मुदत कधी संपणार हे तर करार केला त्या दिवसापासून लिहिलेले असते.

माझ्या दुकानात घडलेली एक गोष्ट सांगते. आमच्या गावात आठवडी बाजार भरतो. बसणाऱ्यांकडून फी गोळा करण्याच्या ठेक्याचा दरवर्षी लिलाव होतो. ठेकेदार नगरपरिषदेला ठरलेली रक्कम भरतो आणि वर्षभर ठरलेल्या दराने वसुली करतो. त्याला अटी असतात: छापील क्रमांकाची पावती द्यायची, बाजाराच्या तोंडाशी दरफलक लावायचा, ठरल्यापेक्षा जास्त घ्यायचे नाही. एका वर्षी नवा लिलाव वेळेत झाला नाही आणि जुन्याच ठेकेदाराला मुदतवाढ मिळाली. हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. प्रती मीच काढल्या होत्या, म्हणून खात्रीने सांगते.

काही आठवड्यांनी भाजी विकणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी पावत्यांचा चुरगळलेला गठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवला. "ताई, पावती धाची हाय. घेत्यात ईस. इचारलं तर म्हनतंय, मिटिंगीत ठरलंय, जा तिकडं." मावशींना कोणाविरुद्ध तक्रार करायची नव्हती. मिटिंगमध्ये खरेच ठरले असेल तर त्या वीस द्यायला तयार होत्या. त्यांना फक्त ते कुठे लिहिले आहे, हे पाहायचे होते. मी म्हटले, ठरावाची प्रत मागू या.

माहिती अधिकाराचा अर्ज टाइप केला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, मावशींनी अंगठा न देता सावकाश सही केली. तिसाव्या दिवसाची मुदत उलटायला आली तेव्हा पत्र आले, पानाला २ रुपये भरा आणि प्रत घेऊन जा. ठराव एका पानाचाच होता. मुदतवाढ तीन महिन्यांची, 'जुन्याच दराने व जुन्याच अटी-शर्तींवर'. दरफलक लावणे बंधनकारक, पावती देणे बंधनकारक. दरवाढीचे अक्षरही नव्हते. सभेत चुकीचे काही ठरले नव्हते, हे मुद्दाम लिहिते. ठराव चांगला होता. तो फक्त बाजारात कोणाला माहीत नव्हता, ठेकेदाराच्या पोराशिवाय.

तोवर मुदतवाढ संपत आली होती. मावशींनी ते पान माझ्याकडून लॅमिनेट करून घेतले. आता ते त्यांच्या पाटीत तराजूच्या खाली असते. पोरगा आला की त्या ते वर काढून ठेवतात आणि तो निमूट दहा घेऊन पुढे जातो. शेजारची मेथीवाली अजून वीस देते. तिच्याकडे कागद नाही.

असा एकेक कागद एकेका माणसाने तीस दिवस वाट पाहून का मिळवायचा? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कलम ४ आहे. कोणी न मागता कार्यालयाने आपणहून काय काय जाहीर करायचे, याचे १७ मुद्दे त्यात दिले आहेत. त्यातला एक मुद्दा परिषदा आणि समित्यांचाच आहे: त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे प्रसिद्ध करायचे. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर 'सभा इतिवृत्त' असे बटण आहे. दाबले की 'माहिती लवकरच उपलब्ध होईल'. स्वच्छतेच्या स्पर्धेचे फोटो मात्र ताजे असतात, झाडू हातात घेतलेले, झाडू कोरे करकरीत.

कार्यालयाचीही बाजू आहे आणि मी ती रोज पाहते. सभेचे काम पाहणारे लिपिक हेच जन्म-मृत्यूच्या नोंदीही पाहतात, निवडणूक आली की मतदार यादीही त्यांच्याच गळ्यात. इतिवृत्त ते रात्री घरी बसून लिहितात. ते पेनड्राइव्हवर घेऊन येतात तेव्हा निम्मा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणि निम्मा युनिकोडमध्ये असतो. माझ्या संगणकावर उघडला की 'ठराव क्रमांक'च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे. ती अक्षरे सरळ करण्यात माझी संध्याकाळ गेली आहे, आणि त्यांनी संकोचून दिलेले जादा पैसे मी घेतलेले नाहीत. माणूस सज्जन आहे. एकदा म्हणाले, "ताई, मी लिहितो ते कायम होईस्तोवर माझं नसतं, आणि कायम झाल्यावर तर नसतंच." त्यांच्यावर माझा राग नाही. पण इतिवृत्त शेवटी कागदावर छापून त्यावर सह्या होतातच ना? त्या सह्या झालेल्या पानांचा मोबाइलने फोटो काढून संकेतस्थळावर टाकायलाही कोणाची हरकत नसावी.

आता हा विषय आत्ताच का काढला ते सांगते. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत संपत गेली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे, म्हणजे अधिकाऱ्यांकडे, गेला. आमच्याकडे जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तरी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचे मतदान लागले ते २ डिसेंबरला, आणि निकाल २१ डिसेंबरला.

प्रशासकांच्या काळात सूचक नाही, अनुमोदक नाही. एकच सही, तीच सभा आणि तोच ठराव. विषयपत्रिकेच्या प्रती काढायला माझ्याकडे त्या काळात कोणी आले नाही. काही कामे तेव्हा भराभर झाली, हेही खरे. भांडायलाच कोणी नव्हते म्हटल्यावर होणारच. गावातले शहाणे लोक म्हणायचे, "प्रशासकच बरा, कटकट नाही." मला ते पटले नाही. त्या वर्षांत सगळेच विषय ऐनवेळचे होते.

मग निवडणूक झाली. नगराध्यक्षांसाठी एक आणि प्रभागातल्या दोन जागांसाठी दोन, अशी बटणे दाबून आम्ही माणसे पाठवली. बरीचशी नवी, निम्म्या जागांवर महिला. त्यातल्या एक ताई परवा दुकानात आल्या. पूर्वी त्यांच्या घरात यजमान सदस्य होते. आता त्या स्वतः आहेत आणि विषयपत्रिका स्वतः घ्यायला येतात, ही मला फार आवडलेली गोष्ट. एका विषयावर बोट ठेवून विचारले, "वहिनी, हे काम तर गेल्या महिन्यातच झालंय आमच्या बोळात. मी रोज त्यावरनं चालते. आता मंजुरी कसली मागतायत?" विषयात लिहिले होते, 'कार्योत्तर मंजुरी देणे'. मी म्हटले, हाच प्रश्न सभेत विचारा आणि विचारला म्हणून इतिवृत्तात लिहून घ्या. त्यांनी विचारला. उत्तर मिळाले, "मॅडम, नंतर कार्यालयात या, समजावून सांगतो." बातमीत हा प्रश्न आला असता तर ते समजावणे सगळ्या गावालाच झाले असते.

गावे आमच्यापेक्षा बरी, असे मी म्हणते तेव्हा शहरात राहणारे नातेवाईक हसतात. पण ग्रामपंचायतीच्या गावात ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी चावडीवर लोक जमतात, निदान जमायला हवेत, आणि कोणीही उठून सरपंचाला विचारू शकतो की हातपंपाचे पैसे कुठे गेले. माझे माहेर तालुक्याचे गाव. २०१४ साली सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचे ठरवले, त्यात तेही गेले. कमानीवर 'नगरपंचायत' आले, कर वाढले, मुख्याधिकारी आले. ग्रामसभा गेली. माझा दादा तिथे दरवेळी उठून बोलायचा, कधी कधी नको तितका. आता म्हणतो, "आधी उभं राहून विचारायचो, आता अर्ज करून विचारतो." नगरपरिषदेच्या सभेत नागरिकाला बसता येते, बोलता येत नाही. निदान आत काय चालले आहे हे तरी त्याला कळावे, यात मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

कर आकारणीचेही असेच होते, थोडक्यात सांगते. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, घरपट्टीच्या आकारणीची यादी लागते, हरकतींना मुदत असते, ती निघून जाते. बिल घरात आल्यावर लोक माझ्याकडे अर्ज टाइप करायला रांग लावतात. तेव्हा हरकतीचा रस्ता बंद झालेला असतो आणि भरले नाही तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, सुरू होते. सूचना प्रसिद्ध झाली नव्हती, असे म्हणता येत नाही. ती आपल्याच अंकात आली होती, आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, भिंग लागेल अशा अक्षरांत. नगरपरिषदेचा एक शब्दही न गाळता छापला जाणारा मजकूर म्हणजे ही जाहिरात. त्याचे पैसे मिळतात, म्हणून ती छापली जाते. मी स्वतः पानामागे पैसे घेते, त्यामुळे त्याला नावे ठेवत नाही. पण त्याच अक्षरांत, त्याच कोपऱ्यात, विनामोबदला विषयपत्रिका छापली तर किती जागा जाईल?

मला एवढेच सुचवायचे आहे. सभेच्या आधी दोन-तीन दिवस, मोठे मोठे चार विषय चौकटीत द्यावेत. विषयपत्रिका मिळवायला ओळख लागत नाही, कार्यालयाच्या फलकावरून फोटो काढता येतो. फलकावर ती नसेल तर ती नाही, हीच बातमी. सभा झाल्यावर भांडणाची बातमी जरूर द्यावी, आम्हालाही वाचायला आवडते, पण तिच्या खाली कोणता ठेका कोणाला, किती मुदतीचा, कोणत्या दराने, एवढ्या दोन ओळी असाव्यात. आणि इतिवृत्त कायम झाले की त्यात ऐनवेळचे म्हणून काय काय आले, ते एकदा पाहून घ्यावे. सभेत बसलेल्या वार्ताहराला ते विषय निघाल्याचे आठवत नसेल, तर तेही लिहावे. ठराव बेकायदा किंवा लोकांच्या अहिताचा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण त्यांच्याकडे जायचे तर आधी ठराव झाल्याचे कळले पाहिजे. ते काम होऊन वर काँक्रीट वाळल्यावर कळते, तेव्हा थांबवायला काही उरलेले नसते.

नव्या सदस्यांनाही एक विनंती, आपल्या अंकातून पोहोचेल म्हणून. ऐनवेळचा विषय आला की एवढेच विचारा: हा विषय सात दिवसांपूर्वी का माहीत नव्हता? विरोधात मत द्या असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात घ्यायला लावा. पुढच्या सभेत विषय क्रमांक १ निघेल तेव्हा 'वाचले असे समजून' म्हणू देऊ नका, मोठ्याने वाचायला लावा. अर्धा तास जाईल. चहा गार होईल, तो बदलून मिळतो.

विषयपत्रिका छापायला जागा नसेल तर माझ्या दुकानाच्या काचेवर लावायला मी तयार आहे. शिपाईकाकांना मी तसे म्हणालेही. ते हसले आणि म्हणाले, "सायबांना इचारतो." अजून विचारत असावेत. लेखी परवानगीचा अर्ज मी टाइप करून आवक-जावकला दिला आहे, पोच घेतली आहे.

पत्र छापावे, नाव छापू नये. माझे निम्मे गिऱ्हाईक समोरच्या इमारतीतूनच येते.

आपली,
एक झेरॉक्सवाली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)